पाणी कसं आहे, चतुराला विचारा

आम्ही चऱ्होलीच्या बचत गटातल्या बायका. एरवी आम्ही रेडिओवर येतो ते कर्ज, हप्ते, मसाले-लोणची, नाहीतर बँकेची कागदपत्रं याबद्दल बोलायला. आजचा विषय वेगळा आहे. पावसाळा सरत आला की अंगणात, गच्चीवर, शेताच्या बांधावर लांब शेपटीचा, चार पंखांचा जो किडा भिरभिरतो, त्या चतुराबद्दल आज बोलायचं आहे. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, सकाळचं पाणी, डबे, कामावर जाणं, यात किडे बघायला वेळ कुणाला आहे? पण हा किडा पाण्याचा आहे, आणि घरचं पाणी बायकांच्याच हातात असतं. पिंप आपण भरतो, टाकी आपण घासतो, घरात डेंग्यूचा ताप आला की रात्र आपण जागून काढतो. कुठल्या पाण्यावर कुठला चतुर बसतो हे कळायला लागलं, की त्या पाण्याबद्दलही बरंच कळतं. म्हणून आज तीन गोष्टी सांगतो: चतुर कुठे आणि कसा शोधायचा, कसा ओळखायचा, आणि ओळखल्यावर काय करायचं.

आधी एक सोपा फरक. आपण ज्यांना सरसकट चतुर म्हणतो, त्यांचे दोन गट आहेत. एक चतुर, दुसरी टाचणी. चतुर बसला की त्याचे पंख विमानासारखे पसरलेले असतात. अंग जाड, डोळे इतके मोठे की बहुतेक जातींत ते डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणी नावाप्रमाणेच बारीक. बसली की बहुधा पंख मिटून पाठीवर घेते. तिचे डोळे दोन बाजूंना, मधे अंतर ठेवून असतात. चतुर जोरात, लांबवर उडतो. टाचणी गवतातून हळूहळू, जपून जाते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी ओळख झाली.

जगात यांच्या ६,००० हून जास्त जाती आहेत, भारतात ५०० च्या आसपास. घाबरू नका, आपल्याला सगळ्या पाठ करायच्या नाहीत. दारात, गच्चीवर आणि नदीकाठी दिसणाऱ्या सात-आठ ओळखता आल्या तरी सुरुवातीला पुष्कळ.

आता त्याचं आयुष्य समजून घेऊ. मादी पाण्यावर येऊन शेपटीचं टोक पुन्हा पुन्हा पाण्याला लावते. पुष्कळ जणींना वाटतं की चतुर पाणी पितोय. ती अंडी घालत असते. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाण्यातच वाढतं. ते दिसायला मातकट, सहा पायांचं, मोठ्या डोळ्यांचं असतं. आईबापासारखं अजिबात नाही. टाकी धुताना असा किडा निघाला की आपण ‘ई’ म्हणून फेकून देतो. पण हे पिल्लू डासाच्या अळ्या खातं. त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य जवळ आलं की तो झटकन पुढे येतो आणि अळीला धरून तोंडात आणतो. पिल्लू बऱ्याच वेळा कात टाकतं. काही जातींना यात दोन महिने लागतात, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त. पूर्ण वाढलं की ते काठावरच्या काडीवर नाहीतर टाकीच्या भिंतीवर चढतं, पाठ उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. मागे राहते ती रिकामी कात. ही कात आपल्याला फार उपयोगाची आहे. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. पण काठावर कात सापडली, तर तो त्याच पाण्यात जन्मला हे नक्की.

मोठा झाल्यावरही तो शिकारीच. डास, माश्या, चिलटं उडता उडता पकडतो. चारही पंख वेगवेगळे हलवता येत असल्यामुळे तो हवेत जागच्या जागी थांबतो, एकदम वळतो, क्षणभर मागेही जातो. अभ्यासकांनी मोजून पाहिलंय की ज्या भक्ष्यामागे तो लागतो, त्यांपैकी शंभरातली नव्वदहून जास्त तो पकडतो.

आणि एक सांगायचं म्हणजे, चतुराला डंख नसतो. तो माणसाला चावायला येत नाही. पोरं त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवतात, आपणही लहानपणी हा खेळ पाहिला आहे. पण ती शेपटी नाहीच, ते त्याचं पोट आहे. त्याचं पचन, त्याचं श्वास घेणं त्यातूनच चालतं. दोरा आवळला की तो जगत नाही. पोरांना रागावण्याऐवजी एवढं समजावून सांगा. बहुतेक पोरं ऐकतात.

आता ओळखायला लागू. सुरुवात घरापासून.

सिमेंटच्या भिंतीवर, दगडी पायरीवर, टाकीच्या कडेला अगदी चपटा चिकटून बसणारा, राखाडी अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला चतुर नीट बघा. तो उडेपर्यंत दिसतच नाही, इतका भिंतीच्या रंगात मिसळतो. याला इंग्रजीत ‘ग्रॅनाइट घोस्ट’ म्हणतात, म्हणजे दगडावरचं भूत. तो मूळचा खडकातल्या पावसाच्या डबक्यांचा. आता आपल्या सिमेंटच्या टाक्या आणि हौद त्याला चालतात. शहर वाढलं तरी टिकून राहिलेला हा चतुर आहे.

पायवाटेवर, मोकळ्या मातीत, जमिनीलगत बसतो तो ‘ग्राउंड स्किमर’. लहानखुरा असतो. मादी आणि तरुण नर पिवळसर-हिरवट, त्यावर काळ्या खुणा. नर वयात आला की निळसर होतो. आपण चालत गेलो की तो चार पावलं पुढे उडून पुन्हा जमिनीवरच बसतो.

संध्याकाळी मोकळ्या मैदानावर, शेतावर डोक्याच्या वर थव्याने फिरतात ते सोनेरी-पिवळे चतुर म्हणजे ‘वाँडरिंग ग्लायडर’, म्हणजे भटक्या. तो फारसा बसत नाही. बसलाच तर काडीला लोंबकळतो. हा पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो, साचलेल्या डबक्यात अंडी घालतो, आणि त्याची पिल्लं सव्वा-दोन महिन्यांत उडायला तयार होतात. चार्ल्स अँडरसन नावाचे समुद्रजीव अभ्यासक मालदीव बेटांवर राहत. तिथे दर ऑक्टोबरात हे चतुर अचानक हजारोंनी येतात हे त्यांना दिसलं. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग हे येतात कुठून? वर्षानुवर्षं नोंदी ठेवून त्यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटरचा प्रवास, आणि तोही एकाच चतुराचा नाही, तर एकामागून एक चार पिढ्यांचा, असा त्यांचा अंदाज आहे. चऱ्होलीच्या डबक्यातून उडालेला एखादा चतुर त्या वाटेला लागत असेल, हे कळल्यावर आमच्या गटातल्या बायका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेल्या की जरा वर बघतात.

आता नदीकडे जाऊ. आपली इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातून निघते, देहूवरून येते, चऱ्होली-आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेला मिळते. तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. अशा पाण्याच्या काठी आणि गटाराजवळच्या गवतावर हमखास दिसतो तो ‘डिच ज्युएल’. लहान चतुर. नराचं अंग नारिंगी-तांबूस आणि पंखांवर नारिंगी रंगाचा मोठा पट्टा. मादी फिकट पिवळसर, तिचे पंख साधे. याचं शास्त्रीय नाव ब्रॅकिथेमिस कन्टॅमिनाटा. कन्टॅमिनाटा म्हणजे डागाळलेला. हा चतुर घाण पाण्यातही वाढू शकतो. दिसायला सुंदर, पण एखाद्या काठावर फक्त हाच दिसत असेल, बाकी कुणी नसेल, तर ते पाणी बरं नाही असं समजायला हरकत नाही.

जिथे काठाला लव्हाळं, गवत, पाणवनस्पती शिल्लक आहेत, तिथे जास्त रंग दिसतात. जांभळट-गुलाबी रंगाचा, पंखांच्या शिरा लाल असलेला तो ‘क्रिमसन मार्श ग्लायडर’. वाळल्या मिरचीसारखा लालभडक, पोटावर मधोमध बारीक काळी रेघ असलेला तो ‘स्कार्लेट स्किमर’. दोघांत गोंधळ होतो, म्हणून रंग नीट बघायचा: गुलाबीकडे झुकतो तो पहिला, निव्वळ लाल तो दुसरा. दोघांच्याही माद्या पिवळट-तपकिरी असतात, त्यामुळे मादीला वेगळीच जात समजू नका. हिरवट-पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, पोटाचा वरचा भाग फुगीर आणि पुढे बारीक होत गेलेला तो ‘ग्रीन मार्श हॉक’. हा दुसऱ्या चतुरांनाही खातो. पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पंखांचा, फुलपाखरासारखा तरंगणारा दिसला तर तो ‘कॉमन पिक्चर विंग’. आणि गवतात लिंबासारख्या पिवळ्या पोटाची टाचणी दिसली तर ती ‘कोरोमंडल मार्श डार्ट’.

सह्याद्रीतल्या सावलीच्या, वाहत्या, स्वच्छ ओढ्यांवर वेगळीच मंडळी असतात. उदाहरणार्थ, धातूसारख्या चमकत्या हिरव्या पंखांची ‘स्ट्रीम ग्लोरी’ ही टाचणी. ती आपल्या काठावर शोधत बसू नका. तिला वाहतं पाणी, दगड आणि झाडांची सावली लागते. म्हणजे एखादी जात नाही याचा अर्थ दर वेळी पाणी घाणच आहे असा होत नाही. सावली तोडली, काठ सिमेंटचा केला, तरीही ती जाते. म्हणून एका दिवसाच्या पाहण्यावरून निकाल द्यायचा नसतो. एकाच जागी महिनोन् महिने बघावं लागतं.

आता बघायचं कसं? चतुर उन्हाचा प्राणी. सकाळी नऊ ते बारा ही चांगली वेळ. पावसाची उघडीप असेल तर उत्तम. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे सगळ्यांत भरगच्च महिने. पाण्याजवळच्या काडीवर, तारेवर, कुंपणावर नजर टाका. चतुर उडाला तरी मागे धावू नका, जागेवर उभ्या राहा. पुष्कळ जातींचे नर आपली जागा राखतात आणि फेरी मारून त्याच काडीवर परत येतात. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, हळू पुढे व्हा. पकडायची गरज नाही. मोबाइलवर दोन फोटो पुरेत: एक वरून, पंख आणि पोट दिसेल असा, एक बाजूने, छातीवरचे पट्टे दिसतील असा. नदीला पाणी सोडलेलं असेल, काठ निसरडा असेल, तर जायचं नाही. एकटीने तर कधीच नाही. दोघी-तिघींनी जावं, एकीने बघावं, एकीने लिहावं.

एक गंमत सांगतो. कधी कधी चतुराची मादी उभ्या गाडीच्या टपावर, काळ्या चकचकीत फरशीवर, शेतातल्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेपटी टेकवताना दिसते. चकचकीत आडव्या पृष्ठभागावरून उजेड जसा परततो, तसाच तो पाण्यावरूनही परततो, आणि चतुर त्यावरूनच पाणी ओळखतो. त्यामुळे तो फसतो आणि अंडी उन्हात वाळून जातात. चाकणच्या रस्त्याला नव्या गाड्या ओळीने उभ्या असतात. तिथे बघितलंत तर हे दृश्य तुम्हालाही दिसेल.

आता डेंग्यूचं. चतुर डास खातो, मग चतुर आणून सोडले की डेंग्यू जाईल का? हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. म्यानमारमधल्या यांगून शहरात असा प्रयोग खरंच झाला. लोकांनी घरच्या पाण्याच्या भांड्यांत स्कार्लेट स्किमरची पिल्लं सोडली आणि डेंग्यूचे डास बरेच कमी झाले. तो अभ्यास १९९० साली छापून आला. पण तिथे अभ्यासक पिल्लं वाढवून पुरवत होते, दर महिन्याला सोडत होते. आपल्याकडे तशी सोय नाही. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, चतुराच्या पिल्लाला महिने लागतात. म्हणून पिंपं, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर यांचा हिशेब वेगळा: आठवड्यातून एक दिवस कोरडा, आणि नुसतं पाणी ओतायचं नाही, कडा घासायच्या. कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात.

विहीर, तळं, ओढा, नदीकाठचं लव्हाळं यांचा हिशेब मात्र उलटा आहे. तिथे चतुर आपलं काम करतोच. तिथे जळकं ऑइल ओतलं, कीटकनाशक फवारलं, की चतुराची पिल्लं मरतात. डास आठवडाभरात परत येतात, चतुराला परत यायला वेळ लागतो. मधल्या काळात डासांना मोकळं रान मिळतं. घरातलं साठवलेलं पाणी कोरडं करा आणि बाहेरचं जिवंत पाणी जिवंत राहू द्या, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. चऱ्होली १९९७ साली महापालिकेत आली. तेव्हापासून मळ्यांच्या जागी इमारती आल्या, रस्ते रुंद झाले, आणि अजून होत आहेत. घरं सगळ्यांनाच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागे आमच्या जवळच्या एका ओढ्यात राडारोडा पडायला लागला, तेव्हा आम्ही काही जणी विचारायला गेलो. समोरून प्रश्न आला, “ताई, तिथं गटाराशिवाय होतं काय?” तिथे लव्हाळं होतं, बेडूक होते, लाल-गुलाबी चतुर होते, हे आमच्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण कागदावर कुठेच नव्हतं. आणि कार्यालयात चालतो तो कागद.

कागदाचं महत्त्व बचत गटाच्या बाईला सांगावं लागत नाही. दर महिन्याच्या बैठकीत कुणी किती भरले, कुणी किती उचलले, हे आपण लिहितो, सह्या करतो. त्याच वहीच्या जोरावर बँक आपल्याला कर्ज देते. मग तशीच एक वही पाण्यासाठी का नको? २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, असं म्हटलं आहे. पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी ही कल्पना देशभर रुजवली. तिच्यात ‘लोक’ हा शब्द आहे, म्हणजे त्यात आपणही आलो.

हे काम फक्त शास्त्रज्ञांचं, असं समजू नका. भारतातल्या चतुरांवरचे तीन मोठे ग्रंथ एफ. सी. फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात लिहिले. ते लष्करातले डॉक्टर होते. आणि सगळं शोधून झालंय असंही नाही. आपल्याच सिंधुदुर्गातून शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ साली टाचणीची एक नवी जात जगासमोर आणली. ओळखताना मदत हवी असेल तर के. ए. सुब्रमण्यन यांचं भारतातल्या चतुरांवरचं सचित्र पुस्तक आहे, विज्ञान प्रसारने २००९ साली काढलेलं. इंग्रजीत आहे, पण फोटो बघून जुळवता येतं, आणि कॉलेजात जाणाऱ्या लेकी-सुना वाचून दाखवतात. शिवाय भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे.

तर मैत्रिणींनो, करायचं एवढंच. आपल्या गटाची एक जागा ठरवा: एक ओढा, एक विहीर, घाटाचा एक तुकडा, नाहीतर सोसायटीतलं तळं. महिन्यातून एकदा, बैठकीच्या आधी अर्धा तास, तिथे जा. शंभर पानी वहीत पाच रकाने आखा. तारीख आणि वेळ. जागा. पाणी कसं आहे, म्हणजे वाहतं की साचलेलं, वास, फेस, काठाला गवत आहे की सिमेंट. कुठले चतुर आणि टाचण्या दिसल्या. नाव येत नसेल तर रंग लिहा, चालेल. आणि पाचवा रकाना, कात सापडली का. खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. काहीच दिसलं नाही तर ‘काही दिसलं नाही’ असंही लिहा, तीही नोंदच आहे.

एका महिन्याच्या नोंदीने काही होणार नाही, जसं एका महिन्याच्या बचतीनेही काही होत नाही. पण तीन पावसाळे लिहीत राहिलात तर तुमच्या पाण्यावर कोण होतं, कोण कमी झालं, कोण परत आलं, हे तुमच्याच हस्ताक्षरात असेल. मग कुणी विचारलं, “ताई, तिथं होतं काय?” तर वही उघडून समोर ठेवता येईल.

येत्या बैठकीला वही आणायला विसरू नका.